लाकडावरच्या बारीक परजीवी माश्या ओळखायच्या तर आधी लाकूड वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंड्याकडच्या तुमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) गेल्या पावसाळ्यात फणसाचं जुनं झाड पडलं आणि खोड पाटाच्या कडेला तसंच राहिलं. आता मार्चच्या उन्हात त्या खोडावर सकाळी बारीक कीटक फिरताना दिसतात. तुम्ही तीन प्रकार वेगळे केलेत. एक हिरवट चमकणारी, बोट जवळ नेलं की टुणकन उडी मारून नाहीशी होणारी. दुसरी काळसर, सडपातळ, मागे सुईसारखी लांब शेपटी असलेली. तिसरी मुंगीसारखी, बिनपंखाची. ती तुमच्या भावाच्या मनगटाला चावली आणि दोन दिवस खाज गेली नाही. यांची नावं काय, याच खोड पोखरतात का, आणि शेजारी म्हणतो तसं औषध फवारावं का, हे तुम्हाला हवं आहे.

औषध फवारू नका. खोड या पोखरत नाहीत. पोखरणारे भुंगेरे आत आहेत आणि या माश्या बहुधा त्यांच्याच मागावर आलेल्या आहेत. गांधीलमाशीच्या मोठ्या गोतावळ्यातल्या या बारीक माश्या भुंगेऱ्याच्या अळीवर अंडी घालतात, अंड्यातून निघालेली पिल्लं त्या अळीला खातात आणि अळी मरते. फवारणीचं औषध सालीवर राहतं, आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. मरतात त्या सालीवर फिरणाऱ्या माश्याच. म्हणजे पोखरणारे शाबूत आणि राखणदार गारद.

आता नावांकडे वळू. लोक फोटो पाठवतात त्यात माशी असते, पण ती ज्या लाकडावर बसली ते लाकूड नसतं. माझा अनुभव असा की दोन मिलिमीटरची काळी माशी नुसत्या फोटोवरून ओळखायला बसलं तर दिवस जातो. तीच माशी कुठल्या झाडाच्या, किती जुन्या लाकडावर, कसल्या भोकाशी घुटमळत होती हे कळलं तर शक्यता पाच-सहा कुळांवर येतात. म्हणून आधी खोडाजवळ बसा.

भोकं बघा. सालीत टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि साल उचकटल्यावर आत नक्षीसारखे बारीक बोगदे दिसले तर ते सालीतले भुंगेरे. टाचणीएवढीच भोकं, पण थेट लाकडात गेलेली, कडेला काळपट डाग, आणि ताज्या लाकडातून भुशाची शेवयांसारखी बारीक कांडी बाहेर आलेली दिसली तर ते लाकडात बुरशी वाढवून तीच खाणारे भुंगेरे. गोल, एक ते तीन मिलिमीटरची भोकं आणि खाली पिठासारखी मऊ भुकटी पडत असेल तर भुकटी पाडणारे भुंगेरे; हे वाळलेल्या बांबूत आणि कच्च्या लाकडाच्या फर्निचरमध्ये तुम्ही पाहिलेच असतील. लंबगोल, करंगळीचं टोक जाईल एवढं भोक आणि जाडाभरडा, धाग्याधाग्यांचा भुसा म्हणजे लांब मिशांचे भुंगेरे. चपटं, एका बाजूला सरळ कड असलेलं भोक आणि आत दाबून भरलेला भुसा हे रत्नभुंगेऱ्यांचं लक्षण; त्यांचे हिरवे-सोनेरी पंख पूर्वी भरतकामात वापरत.

लाकडाचं वयही महत्त्वाचं. झाड पडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सालीतले भुंगेरे आणि बुरशीवाले येतात, त्यांच्या मागोमाग लांब मिशांचे. साल सुटून लाकूड वाळलं की भुकटीवाले. एक-दोन पावसाळे खाऊन लाकूड मऊ झालं, बोटाने दाबलं तर पाणी सुटायला लागलं, की आत घरमाश्यांच्या आणि डासांच्या जातभाईंच्या अळ्या येतात, आणि त्यांच्याबरोबर परजीवींचा संचही बदलतो. तुमचं खोड मधल्या टप्प्यात आहे. साल अजून आहे पण सुटू लागली आहे, आणि तुमच्या एका फोटोत कोपऱ्यात धागेदार भुसा दिसतो आहे. तो तुम्ही मुद्दाम काढलेला नाही, पण सगळ्या फोटोंत मला सर्वांत उपयोगी पडला तोच.

भुंगेरे निघून गेल्यावर भोकं रिकामी राहत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. पानं कातरून घरटं करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आणि कोळी पकडून साठवणाऱ्या सडपातळ गांधीलमाश्या त्या भोकांत संसार थाटतात. त्यांच्यावर जगणारे परजीवी वेगळेच. त्यामुळे जुन्या लाकडावर दिसलेली माशी भुंगेऱ्याचीच वैरी असेल असं धरून चालू नका. सालीच्या वरच्या थरावर तर तिसरीच वस्ती असते: सालीवरच्या बारीक उवांसारखे सोकिड, रेशमी बोगदे विणून त्यात राहणारे एम्बिया, झुरळांच्या अंड्यांच्या डब्या, कोळ्यांच्या अंडपिशव्या. या प्रत्येकाच्या अंड्यांवर जगणाऱ्या माश्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच एखाद-दीड मिलिमीटरच्या असतात.

एवढं पाहिल्यावर माशीकडे या. ती गांधीलमाशीच्या गोतावळ्यातलीच आहे ना, हे आधी. पंख चार हवेत. दोनच असतील तर ती घरमाशीच्या गटातली, मग ती कितीही गांधीलमाशीसारखी दिसो. कंबर बारीक हवी. पंखवाल्या मुंग्या पहिल्या पावसाच्या आसपास लाकडावर खूप दिसतात. त्यांच्या कमरेवर एक किंवा दोन गाठी स्पष्ट असतात. वाळवीच्या पंखवाल्यांना कंबर नसते आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. आणखी एक घोटाळा आपल्याकडे नेहमी होतो. भिंतीच्या, झाडाच्या किंवा जुन्या खांबाच्या पोकळीत राहणारी डंख नसलेली बारीक काळी मधमाशी लोक परजीवी म्हणून दाखवतात. तिच्या मागच्या पायावर परागाचा गोळा दिसतो आणि पोकळीच्या तोंडाशी राळेची नळी असते. तिला हात लावू नका, तिचा मध चांगला लागतो.

नंतर मिशा. कोपरासारख्या वाकलेल्या असतील, म्हणजे पहिलं पेर लांब आणि तिथून बाकीची मिशी वळलेली, तर बहुधा कॅल्सिड गटातली किंवा अंड्यांवर जगणाऱ्या सेलिओनिडे गटातली. न वाकलेल्या, लांब, दोऱ्यासारख्या आणि पुष्कळ पेरांच्या असतील तर ब्रॅकोनिडे किंवा इक्न्युमोनिडे. या एका गोष्टीवर निम्मं काम होतं, आणि फोटो मिशीच्या टोकापर्यंत स्पष्ट नसेल तर तेच होत नाही.

पंखांत शिरा किती हे नंतर बघा. कॅल्सिड गटात पंख जवळजवळ कोरा असतो. पुढच्या कडेने एकच शीर जाते आणि तिला एक छोटा फाटा फुटतो. ब्रॅकोनिडे आणि इक्न्युमोनिडे यांच्या पुढच्या पंखात शिरांचं जाळं असतं, चौकटी असतात. या दोन कुळांत फरक करायला पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागातल्या, मागच्या कडेच्या बाजूला उतरणाऱ्या आडव्या शिरा मोजा. दोन असतील तर इक्न्युमोनिडे, एकच असेल तर ब्रॅकोनिडे. अपवाद आहेत, पण फार थोडे.

कॅल्सिड गटात शिरलात की पावलाची पेरं मोजायची. हे काम भिंगाखाली करायचं आणि धीराने करायचं. तीन पेरं असतील तर ट्रायकोग्रामाचं कुळ; शेतात टांगायच्या ट्रायकोकार्डावर, पतंगाच्या अंड्यांच्या आत वाढवून, ज्या येतात त्याच या अर्धा मिलिमीटरच्या माश्या. चार असतील तर बहुतेक युलोफिडे. पाच असतील तर टेरोमॅलिडे, युपेल्मिडे, युरिटोमिडे वगैरे बाकीचे. जुनी पुस्तकं हाताशी असतील तर सावध राहा. 2022 मध्ये टेरोमॅलिडे या अवाढव्य कुळाची फोड झाली आणि त्यातून बरीच नवी कुळं निघाली. लाकडातल्या भुंगेऱ्यांवर जगणारे क्लिओनिमस आणि सेरोसेफाला यांचे गट आता स्वतंत्र कुळं मानतात. जुन्या चावीने (खुणा पडताळत नाव काढायच्या तक्त्याने) काढलेलं उत्तर त्यामुळे चूक ठरत नाही, पण नाव बदललेलं असतं.

आता तुमच्या तीन पाहुण्या.

हिरवी, उडी मारणारी. कुळ युपेल्मिडे, हे मी बऱ्याच खात्रीने सांगतो, आणि ते उडीमुळे नाही. उडी मारणाऱ्या इतरही आहेत. एनसर्टिडे कुळातल्याही मारतात. पण तुम्ही बाजूने काढलेल्या फोटोत पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधला छातीचा भाग एकसंध, फुगीर ढालीसारखा दिसतो. बहुतेक माश्यांत तो खाचांनी तुकड्या-तुकड्यांचा असतो. त्या ढालीच्या आत उडीचे स्नायू असतात. एनसर्टिडेतही ढाल असते, पण त्यांचे मधले पाय शरीराच्या बरेच पुढे जोडलेले असतात आणि पंखाच्या कडेची शीर अगदी आखूड असते. तुमच्या माशीची शीर लांब आहे. आणखी एक खूण म्हणजे युपेल्मिडेची मादी मेली की पाठीच्या बाजूने धनुष्यासारखी वाकते, डोकं आणि पोट दोन्ही वर. पुढे कधी बाटलीत अशी वाकलेली दिसली तर कुळ शोधायची गरजच नाही.

मात्र हे सगळं मादीबद्दल. नराला बऱ्याचदा ही ढाल नसते आणि तो सरळ टेरोमॅलिडेसारखा दिसतो. नर एकटा सापडला तर चांगले चांगले जाणकारही दुसऱ्या कुळात टाकतात. मादी मिळेपर्यंत थांबणं बरं.

त्या खोडात ती नेमकी कोणावर जगते ते फोटोवरून कळणार नाही. या कुळातल्या काही जाती भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर, काही कीटकांच्या अंड्यांवर, तर काही दुसऱ्या परजीवींच्या अळ्यांवर जगतात. म्हणजे तुमच्या तीन पाहुण्यांपैकी एक दुसरीला खात असण्याची शक्यता आहे. लाकडावर दिसते म्हणजे भुंगेऱ्याची शत्रू, असं समीकरण इथेही लागत नाही.

काळी, सुईवाली. कुळ ब्रॅकोनिडे, आणि बहुधा त्यातलं डोरिक्टिनी उपकुळ. लांब मिशा, पंखात एकच उतरती शीर, डोकं वरून पाहिलं तर चौकोनी, आणि पंखावर तपकिरी पट्टे. हे सगळं जुळतं. खात्री करायची तर दोन गोष्टी भिंगाखाली बघा. एक, तोंडाच्या वर, जबड्यांच्या आणि ओठाच्या मध्ये गोल खोबण असते, जणू तोंड उघडं राहिलं आहे. दोन, पुढच्या पायाच्या नळीवर जाड, आखूड काट्यांची रांग असते. लाकूड पोखरणाऱ्यांच्या बोगद्यांतून बाहेर पडताना या काट्यांचा उपयोग होतो. दोन्ही दिसलं तर डोरिक्टिनी पक्की.

पोटाचा पहिला भाग लांब देठासारखा असेल तर स्पॅथियस या गटाचा विचार करा. आशियात या गटाच्या जाती पुष्कळ आहेत. चीनमधली स्पॅथियस अ‍ॅग्रिली ही जाती अमेरिकेने तिथल्या ॲश झाडांवर आलेल्या हिरव्या रत्नभुंगेऱ्याविरुद्ध मुद्दाम नेऊन सोडली आहे. तुमच्या फोटोत पोट पंखांखाली झाकलं आहे, म्हणून मी देठाबद्दल बोलत नाही.

ती 'शेपटी' म्हणजे अंडी घालायची नळी. तुम्ही लिहिता की सुई कधी एक दिसते, कधी तीन. निरीक्षण अचूक आहे. बाहेरून दिसतात त्या दोन म्यान, आणि आत खरी नळी. माशी लाकडात नळी घालते तेव्हा म्यान बाजूला वाकतात किंवा मागे उभी राहतात आणि केसाएवढी नळी आत जाते. ती नळीही तीन तुकड्यांची. खालचे दोन तुकडे वरच्या तुकड्यावरून आळीपाळीने पुढे-मागे सरकतात आणि नळी लाकडात उतरत जाते. काही जातींत नळीच्या टोकाच्या कवचात जस्त आणि मँगेनीज यांसारखे धातू सापडले आहेत, त्याने टोक कठीण होतं. अळी कुठे आहे हे शोधायला काही माश्या मिशांनी लाकूड ठोकतात आणि परत येणारी कंपनं पायांनी टिपतात. तुम्ही 'मिशांनी तबला वाजवते' असं लिहिलंत ते वागणं हेच असू शकेल. नुसता वास घेतानाही मिशा आपटल्या जातात, त्यामुळे पक्कं म्हणता येत नाही.

एवढी मोठी सुई पाहून तुमच्या घरच्यांनी तिची भीती घेतली, आणि चावली ती दिसायला साधी बिनपंखाची. याचं कारण या गोतावळ्याच्या घडणीत आहे. गांधीलमाश्या, मधमाश्या, मुंग्या यांचा डंख म्हणजे अंडनळीचंच बदललेलं रूप. ती अंडी घालायच्या कामातून सुटली आणि विष टोचायला लागली. तुमची काळी माशी अजून नळीने अंडीच घालते. तुमची तिसरी पाहुणी डंखवाल्यांच्या फांदीवरची आहे.

ती तिसरी म्हणजे बेथिलिडे कुळातली, आणि वर्णनावरून स्क्लेरोडर्मस गटातली मादी. दोन ते चार मिलिमीटर, चपटी, डोकं पुढे ताणलेलं. मुंगीपासून वेगळी कशी करायची? मुंगीच्या कमरेवर गाठ असते, हिच्या नसते. मुंगीच्या मिशीचं पहिलं पेर मिशीच्या निम्म्याएवढं लांब असतं, हिचं तेवढं नसतं. ही भुसा भरलेल्या बोगद्यात सरपटत आत जाते, म्हणून एवढी चपटी. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी सापडली की तिला डंख मारून लुळी करते, अळीच्या अंगावर अंडी घालते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिथेच थांबते. कीटकांत आईने असं थांबणं फारसं सर्रास नाही, त्यामुळे ही माझी लाडकी. चीनमध्ये या गटातल्या माश्या प्रयोगशाळेत वाढवून लांब मिशांच्या भुंगेऱ्यांविरुद्ध जंगलात सोडतात.

माणसाला ती मुद्दाम चावायला येत नाही. भोकं पडलेल्या खाटेवर, जुन्या कपाटाशेजारी किंवा लाकडाच्या ढिगावर अंग टेकलं आणि ती खाली दाबली गेली की डंख मारते. खाजणारे लाल फोड येतात, काही दिवसांत जातात. घरात असं वारंवार होत असेल तर माशीच्या मागे लागू नका. ज्या फर्निचरमध्ये भुंगेरे आहेत ते शोधा. भुंगेरे संपले की ती आपोआप संपते. खोडाजवळ काम करताना पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरे. भावाला एकदम अंगभर गांध्या आल्या, श्वास लागला, असं काही झालं असतं तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा सरळ डॉक्टर गाठायचा.

या तिघींखेरीज त्याच खोडावर पुढे कोण दिसेल तेही सांगून ठेवतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. पोट छातीच्या अगदी वरच्या बाजूला, पाठीजवळ चिकटवल्यासारखं दिसलं तर तीन शक्यता. पोट लहान, बाजूने चपटं आणि झेंड्यासारखं हलत असेल तर इव्हानिडे, झुरळांच्या अंड्यांच्या डब्यांवर जगणारी. ही घरात खिडकीवरही दिसते आणि मारू नये. मान लांब, मागच्या पायाची नळी फुगीर आणि पोट सडपातळ असेल तर गॅस्टरुप्टिडे, रिकाम्या भोकांतल्या मधमाश्यांच्या घरट्यांवरची. पंखात शिरांची चौकट भरपूर आणि मान तेवढी लांब नसेल तर ऑलासिडे, लाकडातल्या भुंगेऱ्यांवरची. मोले किंवा नेत्रावळीच्या बाजूला जंगलाच्या कडेला कोणी असेल तर स्टेफॅनिडेकडे लक्ष ठेवावं. डोक्यावर मुकुटासारखे पाच टेंभे, मागची मांडी जाड आणि दातेरी, आणि पुष्कळदा लांब नळीच्या म्यानावर पांढरा पट्टा. ही बारीक म्हणण्यासारखी नाही, पण इतकी सडपातळ की उडताना दोरा तरंगल्यासारखा भास होतो.

पिवळ्या-काळ्या रंगाची, मागची मांडी फुगलेली आणि अंडनळी पाठीवरून पुढे वळवलेली दिसली तर ल्यूकोस्पिडे. फुगीर मांडी म्हटली की बरेच जण डोळे मिटून कॅल्सिडिडे लिहितात. पाठीवरची नळी बघितली तर ती चूक टळते. निळी-हिरवी, धातूसारखी झगझगीत, भीती वाटली की गोळा होणारी ती क्रिसिडिडे, दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणारी. पावसाळ्यात लाकूड ओलं झाल्यावर काळ्या, गुळगुळीत, चकचकीत बारीक माश्या दिसतील. त्यांच्या मिशा कपाळावरच्या एका ओट्यावरून निघतात. त्या डायाप्रिडे, घरमाशीच्या गटातल्या माश्यांच्या कोशांवर जगणाऱ्या.

जातीचं नाव द्या असा तुमचा आग्रह आहे. देणार नाही. एकट्या कॅल्सिड गटातच जगभरात 22 हजारांहून अधिक जातींना नावं मिळाली आहेत आणि नाव न मिळालेल्या त्याहून कितीतरी जास्त. आपल्या पश्चिम घाटातल्या कॅल्सिड माश्यांवर कालिकत विद्यापीठाच्या टी. सी. नरेंद्रन यांनी (1944–2013) आयुष्यभर काम केलं, शेकडो जातींना नावं दिली. त्या पातळीवर जाती ठरते ती मूळ नमुन्याशी ताडून, मिशीच्या एकेका पेराची लांबी मोजून, कधी डीएनए काढून. मोबाइलमधलं अ‍ॅप तुमच्या हिरव्या माशीला एका झटक्यात एखादं युरोपातल्या जातीचं नाव देईल. ते लिहून ठेवू नका. 'युपेल्मिडे, मादी, फणसाचं खोड, फोंडा, मार्च' एवढी नोंद त्या नावापेक्षा कितीतरी कामाची आहे. पुढे कोणी अभ्यासक आला तर त्याला ती वापरता येते.

नमुना ठेवायचा असेल तर थोडी तयारी लागेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स, एवढ्यात बरंच होतं. माशी ब्रशने उचला, चिमट्याने नको. ठेवायला 70 टक्क्यांहून कमी अल्कोहोल चालत नाही, आणि डीएनएसाठी 95 टक्क्यांचं हवं. घरात फेणी आहे असं कोणीतरी म्हणणारच. काजूची फेणी बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास असते, ती माशीला पुरत नाही, पिणाऱ्यांसाठीच राहू द्या. फोटो काढायला एक युक्ती आहे. पारदर्शक हँड सॅनिटायझरच्या जेलचा थेंब बशीत घ्या, मेलेली माशी त्यात बुडवा आणि टाचणीने हवी तशी वळवा. जेल तिला धरून ठेवतं, पंख चिकटत नाहीत, मग निवांत बाजूने आणि वरून फोटो घेता येतात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे लाकडातूनच माशी बाहेर काढणं. खोडाचा हातभर लांबीचा, साल असलेला तुकडा कापा. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, फटी चिकटपट्टीने बंद करा, एका बाजूला भोक पाडून त्यात काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवा. आत अंधार, नळीत उजेड. बाहेर पडलेले भुंगेरे आणि माश्या उजेडाकडे नळीत येतात. हवेसाठी एका बाजूला मलमलचं फडकं लावा. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी हीच मोठी अडचण, म्हणून हे काम पावसाआधी सुरू करा आणि खोकं जमिनीवर ठेवू नका, मुंग्या सगळं फस्त करतात. रोज नळी बघा. भुंगेरा निघाला तर तोही त्याच बाटलीशेजारी ठेवा आणि दोघांवर तीच तारीख घाला. मात्र एकाच तुकड्यात तीन प्रकारचे भुंगेरे असू शकतात, त्यामुळे माशी आणि भुंगेरा एकाच खोक्यातून निघाले एवढ्यावर त्यांचं नातं ठरवू नका. ते ठरवायचं तर साल उचकटून बोगद्यात अळीच्या अंगावर चिकटलेली परजीवीची पिल्लं शोधावी लागतात. त्याला हात बसावा लागतो.

पिवळी वाटी आणि साबणाचं पाणी ठेवून माश्या पकडणारे पुष्कळ आहेत. त्यात माश्या खूप मिळतात, पण त्या खोडाच्या होत्या की शेजारच्या केळीवरच्या, हे कळत नाही. या प्रश्नासाठी तो उपाय नको.

तुमच्या स्वतःच्या कुळागरात हे सगळं करायला हरकत नाही. पण अभयारण्यातून, मग ते बोंडला असो की खोतीगाव, लाकडाचा तुकडा किंवा एखादी माशीही वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय आणू नका; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात सापडाल. परदेशातला कोणी अभ्यासक 'नमुने टपालाने पाठवा' म्हणाला तर त्याला 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते, हे त्याला आधी सांगा.

एका गोष्टीत माझं मत तुमच्या शेजाऱ्याच्या बाजूने आहे, आणि ते काजूबद्दल. फणसाचं खोड तिथेच राहू द्या. पण बांधावरची जी काजूची दोन झाडं वाळत चालली आहेत, त्यांच्या बुंध्याशी जमिनीलगत डिंक आणि भुसा आला आहे का ते आजच बघा. आला असेल तर तो रोठा, म्हणजे काजूचं खोड आणि मूळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी. ती सालीखाली पोखरत जाते आणि चुन्यासारख्या कठीण कवचात कोश करते. झाड पूर्ण वाळलं असेल तर परजीवी येतील आणि आवरतील या आशेवर ते ठेवू नका. ते मुळासकट काढा, बुंधा फोडून अळ्या आणि कोश नष्ट करा. उभं ठेवलं तर त्यातून निघणारे भुंगेरे शेजारच्या जित्या काजूंवर जातात. झाड अजून हिरवं असेल तर जुन्या गोव्याजवळच्या एला इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे, तिथे विचारून उपचार करा.

पुढच्या वेळी माशीचे फोटो पाठवाल तेव्हा चार पाठवा: बाजूने एक, वरून एक, पंख पसरलेला एक, आणि डोकं समोरून. शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि पाचवा फोटो त्या भोकाचा आणि खाली पडलेल्या भुशाचा. काळ्या माशीचा देठ त्यात दिसला तर स्पॅथियस की नाही ते लगेच कळवतो.